साळूबाईला मिळालेली सहानुभूती

एका जंगलात सिनेमाचा तंबू होता. जंगलात तंबू कसा, असं विचारायला ज्याचं तोंड उघडलंय त्याने ते आत्ताच मिटावं. बोलणारी जनावरं तुम्हाला चालतात, मग तंबूने काय घोडं मारलंय?

तंबू हुप्प्याशेठ नावाच्या वानराचा होता. त्याच्याकडे एकच सिनेमा होता, 'सोनखुरीची सफर'. सोनखुरी म्हणजे सोन्याच्या खुरांची एक छोटी हरणी. ती आईला शोधत ढगांच्या पलीकडे जाते. वाटेत तिला उडणारे मासे भेटतात, बोलका धबधबा भेटतो. शेवटी ती कंटकी नावाच्या दुष्ट चेटकिणीला दरीत ढकलून देते आणि आईच्या कुशीत शिरते.

ही कंटकी साळिंदर होती. ती गुपचूप यायची आणि अंगावरचा एकेक काटा घराघरांत खोचून जायची. ज्या घरात काटा, त्या घरात सकाळी भांडण.

अख्ख्या जंगलाचं बालपण या सिनेमावर गेलं होतं. कंटकी दरीत पडली की सगळे उठून उभे राहायचे, शिट्ट्या मारायचे आणि पडद्यावर करवंदाच्या बिया फेकायचे. करवंदांचा हंगाम नसला तर चिखल. एरवी किरकिर करणारी पिल्लंसुद्धा त्या वेळी खुदकन हसायची. फार गोड सिनेमा होता.

आता त्याच जंगलात एक खरीखुरी साळिंदर राहत होती. तिचं नाव साळूबाई. कंदमुळं खायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असायची. पण सिनेमा पाहून आलेल्यांना कोण समजावणार? तिला कोणी दारात उभं करत नसे. वाटेत तिचा गळलेला काटा दिसला तर लोक वळसा घालून जात.

पाणवठ्यावरही तिला बंदी होती. वरच्या घाटावर, जांभळीच्या सावलीत सगळे पाणी प्यायचे आणि मग तासन्‌तास गप्पा हाणायचे. साळूबाई खाली. सगळ्यांचे पाय धुऊन आलेलं पाणी जिथे साचतं, त्या डबक्यावर एकटी. पाण्याचं तिला एवढं वाटत नव्हतं. तिला त्या गप्पांत बसायचं होतं. कुणीतरी "काय साळूबाई, आज उशीर केलात?" असं विचारावं, एवढंच तिला हवं होतं. हे लक्षात ठेवा, कारण ही गोष्ट त्याचीच आहे.

एक दिवस हुप्प्याशेठने ढोल बडवला. "नवा सिनेमा! 'कंटकी'! सोनखुरीच्या आधीची गोष्ट!"

आधीची गोष्ट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. एखादी गोष्ट लोकांना फार आवडते. पुढे काय झालं ते सांगून संपतं. मग गोष्टी विकणारे मागे वळतात आणि आधी काय झालं ते सांगू लागतात. तेही संपलं की त्याच्याही आधीचं. माझी खात्री आहे, एक दिवस ते अशा काळात पोचतील जेव्हा कोणी जन्मलेलंच नव्हतं, आणि तरी तंबू भरेल.

ढोल ऐकून अस्वलअण्णा खवळले. अण्णांनी 'सोनखुरीची सफर' इतक्या वेळा पाहिला होता की धबधब्याची वाक्यं ते धबधब्याच्या आधी म्हणत.

"आधीची गोष्ट? सोनखुरीच्या आधी काही नव्हतंच! माझ्या बालपणाला हात लावाल तर याद राखा!"

"अहो अण्णा, सिनेमा अजून लागलासुद्धा नाही," भेकरवहिनी म्हणाल्या. भेकरवहिनी अण्णांच्या शेजारी. मनाने हळव्या. पान गळालं तरी त्यांचा गळा दाटून यायचा.

"म्हणून तर आत्ता बोलतोय! पाहिल्यावर कदाचित आवडेल. मग कोणत्या तोंडाने बोलणार?"

मुंगूसपंत हे जंगलातले समीक्षक. त्यांनी सिनेमा न पाहताच तो 'आजच्या काळाची गरज' असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे अण्णांचं आणि त्यांचं पहिल्या खेळाआधीच वाजलं. म्हणजे सिनेमा चालणार हे नक्की झालं.

सिनेमा लागला. तंबू खच्चून भरला. साळूबाई नेहमीसारखी बाहेर बसली आणि कनातीच्या फटीतून बघू लागली.

गोष्ट अशी होती. कंटकी लहानपणी मऊ होती, सशाहून मऊ. तिची आई वणव्यात गेली. गाव तिला पाणी देईना. कुणी अपमान केला की तिच्या अंगावर एक काटा उगवे, आणि काटा उगवला की ती एक गाणं म्हणे. काटे बरेच होते.

तंबूत हुंदके सुरू झाले. भेकरवहिनींचा पदर भिजून चिंब झाला. अण्णाही मुसमुसत होते, पण "मला जुना सिनेमा आठवतोय म्हणून रडू येतंय" असं ते शेजाऱ्यांना सांगत होते. ज्या गावाने कंटकीला पाणी नाकारलं, त्या गावावर लोकांनी करवंदाच्या बिया फेकल्या.

डोळे पुसता पुसता भेकरवहिनींची नजर कनातीच्या फटीकडे गेली. तिथे दोन डोळे चमकत होते.

"अगं बाई! ही तर आपली साळूबाई! बाहेर बसलीय हो बिचारी!"

सगळा तंबू वळला. पडद्यावरची कंटकी गातच राहिली, पण आता कुणाला तिची गरज नव्हती. त्यांना खरी मिळाली होती. साळूबाईला हाताला धरून आत आणलं, पहिल्या रांगेत बसवलं.

"किती सोसलंस गं," भेकरवहिनी म्हणाल्या. "एवढे काटे! म्हणजे एवढे अपमान!"

"नाही हो वहिनी," साळूबाई म्हणाली, "आमच्यात सगळ्यांनाच असतात काटे. जन्मापासून."

"लपवू नकोस. आम्हाला आता सगळं कळलंय. तुझी आई वणव्यात..."

"आई ठणठणीत आहे. पलीकडच्या डोंगरावर असते, माझ्या भावाकडे."

"बघा! दुःख किती खोल आहे बघा! बोलतासुद्धा येत नाहीये तिला," मुंगूसपंत म्हणाले, आणि पुन्हा सगळे रडले.

साळूबाई गप्प बसली. एवढे जण पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते. आपली आई जिवंत आहे या एका कारणासाठी ते सगळं घालवावं असं तिला वाटेना. मी तिला दोष देत नाही. तुम्हीही देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेकरवहिनी तिला न्यायला आल्या. साळूबाई वरच्या घाटावर गेली. जांभळीखाली बसली. पाणी प्याली. अण्णांनी "बरं आहे ना?" असं विचारलं. कुणीतरी तिच्याकडे सरकून सुनेची कागाळी केली. साळूबाई इतकी आनंदली की घरी येऊन तिने कंद शिजायला ठेवले आणि विसरून गेली.

तिसऱ्या दिवशी भेकरवहिनी म्हणाल्या, "साळूताई, एक मागू? तुझा एक काटा दे ना. आठवण म्हणून दारावर लावते."

बाईची ताई झाली होती. साळूबाईने आनंदाने एक गळलेला काटा दिला.

मग काय! वहिनींच्या दारावर काटा दिसल्यावर सगळ्यांनाच काटा हवा झाला. हरिणींनी केसांत खोचले. सशांनी उंबऱ्यावर रोवले. पोरंसोरं कपाळाला काटे बांधून "मीच कंटकी!" म्हणत उंडारू लागली. ज्याच्या घरी काटा नाही, त्याला मन नाही असं समजलं जाऊ लागलं. गळलेले काटे संपले.

"तसंही गळलेला नकोच," मुंगूसपंत म्हणाले. "ताजा द्या. गळलेल्या काट्यात वेदना नसते."

मग ते ताजे उपटू लागले. दुखायचं हो! साळूबाई डोळे घट्ट मिटून घ्यायची. एकदा तिच्या तोंडून "आई गं" निघालं, तर लोक म्हणाले, "बघा, आईची आठवण आली!" नाही म्हणावं असं तिला रोज वाटायचं. पण नाही म्हटलं आणि पुन्हा त्या डबक्यावर पाठवलं तर? म्हणून ती पाठ पुढे करायची. आणि मुलांनो, काटे नेणारे काट्यांकडेच बघत. तिच्या चेहऱ्याकडे पाहायची कुणाला आठवण झाली नाही.

इकडे जंगलात भांडणं सुरू झाली. सिनेमावरूनच. तिसऱ्या गाण्याला भेकररावांनी जांभई दिली होती. "तुम्हाला काळीजच नाही," असं म्हणून वहिनी माहेरी निघाल्या. अण्णांच्या लेकीने दारावरचं सोनखुरीचं चित्र पुसून कंटकीचं काढलं, तर अण्णांनी लेकीशी अबोला धरला. कंटकी चांगली ठरली म्हणजे सोनखुरी वाईट ठरली का, यावरून सख्खे भाऊ हातघाईवर आले. जुना सिनेमा पुन्हा लावला, तेव्हा अर्ध्या तंबूने सोनखुरीवर चिखल फेकला आणि उरलेल्या अर्ध्याने त्या अर्ध्यावर. हुप्प्याशेठ दोन्ही सिनेमांचे खेळ वाढवत राहिला. तो एकटाच कुणाशी भांडला नाही.

एकदा भांडणाच्या भरात अण्णा मागे सरले आणि दारावर टेकले. टेकले आणि किंचाळले. दारावर लेकीने लावलेला काटा होता.

अण्णा काट्याकडे बघत राहिले. मग धावत भेकरवहिनींच्या घरी गेले. वहिनी गाठोडं बांधत होत्या.

"वहिनी, तुमच्या घरात काटा आहे?"

"आहे की. दारावर."

"आणि भांडण?"

वहिनींच्या हातातलं गाठोडं गळून पडलं. "अगं बाई! म्हणजे जुना सिनेमा..."

"खरा होता!" अण्णा म्हणाले, आणि आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्यापासून सांगत होतो!"

बातमी घराघरांत गेली. जंगलात असा सुटकेचा निःश्वास पूर्वी कधी ऐकू आला नव्हता. म्हणजे भेकररावांना काळीज होतं, अण्णांची लेक गुणी होती, सख्खे भाऊ सख्खेच होते. सगळं त्या काट्यांनी केलं होतं. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. मुंगूसपंतांनीही आपलं मत जपून फिरवून घेतलं. ते म्हणाले की नवा सिनेमा काळाची गरज होता, पण आता काळ बदलला.

मग सगळे मिळून, वाजतगाजत, काटे घेऊन साळूबाईच्या बिळाशी गेले आणि तोंडाशी त्यांचा ढीग ओतला.

"घे तुझे काटे परत!" अण्णा ओरडले. "आणि उद्यापासून वरच्या घाटावर पाय ठेवायचा नाही!"

"पण मी कुठे कुणाच्या घरात खोचले?" बिळातून साळूबाईचा आवाज आला. "तुम्हीच मागितलेत. तुम्हीच उपटून नेलेत."

मग भेकरवहिनी पुढे झाल्या. त्या हळव्या होत्या, त्यांना कुणाचं मन मोडवत नसे. त्या अगदी मायेने म्हणाल्या, "आम्ही मागितले गं. सिनेमा पाहून आलेलो, भावनेच्या भरात होतो. पण तू द्यायचे नव्हतेस ना. तुला कळायला हवं होतं."

आणि लोक घरी गेले.

साळूबाई बिळात बसून राहिली. पाठ ठणकत होती. उपटलेले काटे काही पुन्हा लावता येत नाहीत. खूप वेळ ती रडली. मग तिने शेपटीपाशी उरलेले काटे चाचपले, दातांत धरले आणि एकेक करून स्वतःच उपटून टाकले.

सकाळी वरच्या घाटावर एक नवीनच प्राणी आला. गुबगुबीत, राखाडी, थोडा लाजरा. जांभळीखालच्या गप्पा थांबल्या.

"कोण हो तुम्ही? नव्या दिसता," भेकरवहिनींनी विचारलं.

"पाहुणी आहे," साळूबाई म्हणाली. "पलीकडच्या डोंगरावरची. भाऊ असतो तिथे."

"या की मग! बसा सावलीत. काय बाई मऊ अंग तुमचं! अण्णा, जरा सरका, पाहुण्यांना पाणी पिऊ द्या."

अण्णा सरकले. साळूबाई पाणी प्याली. गार होतं, गोड होतं.

"राहणार असाल तर एक सांगून ठेवते," वहिनी तिच्या कानाशी येऊन म्हणाल्या. "त्या खालच्या अंगाला एक साळिंदर राहते. तिच्यापासून चार हात लांब राहा."

"फार वाईट आहे का हो ती?"

"वाईट नाही म्हणायचं मला. खूप सोसलंय बिचारीने, आम्ही सिनेमा पाहिलाय. पण काटे आहेत ना बाई तिला!"

सगळे पाहुणीकडे बघत होते. पाहुणीने पाण्यातून तोंड वर काढलं, ओठ पुसले.

"खरंय बाई," साळूबाई म्हणाली. "अशांना लांबच ठेवलेलं बरं."

तेव्हापासून ती रोज वरच्या घाटावर असते. सकाळी उठल्यावर अंगावर आलेले नवे कोंब उपटायला थोडा वेळ जातो. म्हणून कधी कधी पोचायला उशीर होतो, तेव्हा भेकरवहिनी आवर्जून विचारतात, "काय हो पाहुणेबाई, आज उशीर केलात?"

तात्पर्य : मुलांनो, ज्यांनी आपली आधीची गोष्ट रडत रडत पाहिली आहे, त्यांच्यापासून जपून राहावं. ज्यांना आपल्याविषयी काहीच माहीत नसतं, ते निदान पाणी तरी पिऊ देतात.