निमकरांची काटकसर आणि माझा फळा

ही हकिकत सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. कोणी निमकरांचं नाव काढलं की मी पाण्याच्या टाकीचा विषय काढायचो. पण गेल्या आठवड्यात भाच्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. आमच्याच सोसायटीच्या फळ्याचा. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. 'मामा, पुणेरी पाटी बघा. काय कंजूष असेल माणूस!' फळ्यावरचं अक्षर माझं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मला संताप आला. त्याचा नाही, त्या अक्षराचा.

तेव्हा आता नीट सांगतो.

सुधाकर निमकर दुसऱ्याच्या घरातले दिवे बंद करायचे. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून दर महिन्याला मेंटेनन्सचा चेक घेऊन यायचे. दाराशी चपला काढायच्या, खिडकीकडे बघायचं आणि माझ्या डोक्यावरची ट्यूब खटकन बंद करायची. "ऊन आहे की अजून." निघताना पंखा. एकदा मी म्हटलं, "अहो निमकर, मी बसलोय इथे!" तर म्हणाले, "हो, पण बोलणं संपलं ना? बोलताना उकडतं माणसाला."

"अजून जीव आहे त्यात" हे त्यांचं पालुपद. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी कापून आतून पुसून घ्यायचे. साबणाचे तुकडे एकमेकांना चिकटवून केलेली त्यांची वडी पाचरंगी असायची. मटारची सालं आम्ही फेकायचो, निमकरवहिनी त्यांची भाजी करायच्या, आणि सांगायला लाज वाटते, ती आमच्या उसळीपेक्षा बरी लागायची. कुकर दुसऱ्या शिट्टीला बंद. "पुढचं काम वाफ करते. तिला गॅस लागत नाही." रविवारी नवरा, बायको आणि मुलगी मंजू असे तिघं चालत कसब्यात जायचे, भांडी ठोकणाऱ्या कारागिरांसमोर अर्धा तास उभं राहून ऐकायचे आणि चालत परत यायचे. नाटकाला चला म्हटलं तर निमकर म्हणायचे, "आमचं ताशावादन झालं आत्ताच."

मंजू तेव्हा पस्तिशीची. वयाने. बाकी सात-आठ वर्षांची. जन्मापासूनच तशी. सगळी इमारत तिला ओळखायची, गणपतीत तिच्या हातात पहिला मोदक द्यायची आणि घरी जाऊन तिच्या बापाला चिकट म्हणायची. एवढी शिकलेली माणसं आम्ही! बँकेत, शाळेत, सरकारी कचेऱ्यांत हिशेब करून निवृत्त झालेली. पण म्हातारे आईबाप, तशी मुलगी आणि दुसऱ्या शिट्टीला बंद होणारा कुकर, एवढी साधी बेरीज एकालाही जमली नाही. मलाही नाही.

मग जिन्यातले दिवे बंद व्हायला लागले. संध्याकाळी सात वाजले, दिवे लावले, की दहा मिनिटांत तिन्ही मजले अंधारात. एके दिवशी माझी बायको गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना पायरी चुकली आणि गुडघ्यावर पडली. कोणी केलं असेल, याची मला शंकाच नव्हती. विचारायला तीन जिने चढायचे होते. मी चढलो नाही. खडू घेतला. मला फळ्यावर चार खमंग ओळी लिहायची हौस होती, आणि लोक वाचून हसले की मी दिवसभर खूश असायचो. लिहिलं:

'तिसऱ्या मजल्यावरील कुटुंबाने आपली काटकसर आपल्या उंबऱ्याच्या आत करावी. जिन्यातील दिवे सोसायटीचे आहेत. इतरांचे गुडघे फुकट मिळालेले नाहीत. – सचिव.'

रात्रीपर्यंत सगळी इमारत हसून गेली. कोणीतरी फोटो काढला. तो अजून फिरतोय.

सकाळी आठला मी दार किलकिलं करून पेपर उचलत होतो, तेव्हा फळ्यासमोरून आवाज आला.

"ति... स... ऱ्या..."

मंजू होती. शेजारी निमकर. ते तिला रोज सकाळी खाली आणून फळा वाचायला लावायचे, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या पाणीकपातीच्या सूचनांवर ती पोरगी अक्षरं शिकत होती. एकेक शब्द बोटाने धरून ती वाचत होती. 'गुडघे'पाशी अडली.

"गु... ड..."

"घे," निमकर म्हणाले. "गुडघे. पुढे?"

ती शेवटपर्यंत गेली. सात-आठ मिनिटं लागली. मग टाळ्या पिटत म्हणाली, "बाबा, तिसरा मजला म्हणजे आपण!"

"हो, आपणच."

"मी दिवे बंद करते ना, म्हणून लिहिलं!"

"हो. म्हणूनच."

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. मी तयार होतो, उत्तरही तयार होतं. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, रविवारपर्यंत पुसू नका हो. एवढं मोठं तिने पहिल्यांदाच वाचलंय."

मी म्हणालो, "हं."

मंजू पुढेही सातला बाहेर येऊन तिन्ही मजल्यांचे दिवे बंद करायची, पण त्या संध्याकाळपासून पाच मिनिटांनी निमकर चोरासारखे बाहेर येऊन एकेक दिवा पुन्हा लावायचे. जन्मभर दिवे मालवलेल्या माणसाला लावताना मी जिन्याखालून बघायचो. रोज. एकदाही वर गेलो नाही.

वर्षभराने ते ना-हरकत पत्रावर सही मागायला आले. फ्लॅट विकत होते. कात्रजच्या पुढे अशा मुलांसाठी एक वसतिगृह आहे, आयुष्यभर सांभाळतात. तिथेच जवळ भाड्याने खोली घेतली होती. "आमच्यानंतर तिला तीसेक वर्षं काढायची आहेत," म्हणाले. "तेवढे पैसे जमलेत आता, होईल. तीही वाचवतेच ना दिवे बंद करून. तिला वाटतं, आपणही घराला हातभार लावतो. ते मी कसं थांबवणार?" मी सही केली. शिक्का मारला. ट्यूब त्यांनी त्या दिवशी बंद केली नाही.

तिकडे गेल्यावर दोन वर्षांत निमकर वारले. मंजू तिथेच आहे, बरी आहे म्हणतात. आमच्या सभांमध्ये अजूनही कोणी ना कोणी म्हणतं, "त्या निमकरांनी बघा, काय गोळा केलं असेल!" आणि मी, ज्याला सगळं माहीत आहे, इतिवृत्त लिहीत बसतो.

ते इमारत सोडून गेले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. सामान थोडंच होतं. मंजू टेम्पोत पुढे आईच्या मांडीला चिकटून बसली होती. निमकर मला नमस्कार करायला आले. 'निमकर, माझं चुकलं,' एवढंच म्हणायचं होतं. सकाळपासून आरशासमोर म्हणून बघितलं होतं. मी घसा साफ केला. ते थांबले. टेम्पोचं इंजिन चालू असूनही थांबले.

मी म्हणालो, "टेम्पोवाल्याला सांगा, बाहेर पडल्यावर फाटक लावून घे म्हणावं. गाई शिरतात."

"सांगतो," ते म्हणाले.

टेम्पो बाहेर पडून थांबला. निमकर स्वतः खाली उतरले, फाटक नीट लावलं, कडी बसली का ते हलवून पाहिलं, आणि गेले.