माहेरच्या जुईची आणि बिनभोकाच्या कुंडीची हकीकत

श्री. प्रथम मातीस नमन, मग पाण्यास नमन, आणि पाणी ज्या वाटेनें निघोन जातें त्या वाटेस शेवटीं परंतु अधिक नमन.

शके सोळाशें त्र्याण्णव, खरनाम संवत्सरीं, डोंगरी राज्यांत राणीसाहेबांची जुई कुजली. कोणी वैर केलें नाहीं, कोणी हयगय केली नाहीं, अवघ्यांनीं माया केली आणि मायेनेंच गेली. ती कैसी, तें ऐकावें.

गड सारा कातळाचा. कुदळ मारावी तों ठिणगी उडे, माती मूठभर नाहीं. म्हणोन तुळस, शेवंती, मिरची, जें हिरवें तें कुंडींत. आणि त्या आधीं ऐसें जालें कीं थोरले महाराज तापानें निवर्तले. स्मशान गडाखालीं. त्यांच्या मातोश्री आऊसाहेब तटावर उभ्या राहोन पाहात होत्या. धाकटे बंधु खांद्यावर पाण्याचें मडकें घेऊन चितेभोंवतीं फिरले, रीतीप्रमाणें मडक्यास भोक पाडिलें आणि धार लागली. इतक्या उंचावरून माणसें ओळखूं येत ना, परंतु ती धार उन्हांत चकाकली आणि आऊसाहेबांच्या डोळ्यांत रुतोन बसली. तेव्हांपासून भांडें गळतांना दिसलें कीं त्यांचा जीव कासावीस व्हावा. हुकूम कोणी काढिला नाहीं, परंतु गड समजला, आणि कुंभारानें कुंडीच्या बुडीं भोक ठेवणें सोडिलें, मग पावसांत शेवंती मेली, मग मिरची मेली, आणि कोणी कांहीं बोलिलें नाहीं.

मग धाकटे बंधु गादीवर बसले, सरकार जाहले, आणि त्यांचें लग्न जालें. नवी राणी चिमाबाईसाहेब कोंकणांतली. त्यांच्या मातोश्रींनीं परसांतल्या जुईचें रोप कुंडींत लावून लेकीसंगें पालखींत दिलें, “मला येतां यायचें नाहीं, ही यील,” ऐसें बोलिल्या. वरात दारीं आली, आऊसाहेब ओवाळावयास ताट घेऊन पुढें जाहल्या, आणि पालखींतून कुंडी उतरली ती उंबऱ्यावर टप टप गळत उतरली. आऊसाहेबांनीं ताट खालीं ठेविलें आणि भिंतीस टेकोन बसल्या. चिमाबाईसाहेब घाबऱ्या होऊन बोलिल्या, “माझें कांहीं चुकलें का हो?” दासींनीं कानांत हकीकत सांगितली. तेव्हां त्या पोरीनें आपण होऊन म्हटलें, “बदला ती कुंडी. धड बुडाची आणा.” आणि जुई धड बुडाच्या कुंडींत गेली.

त्याच सालीं चिमाबाईसाहेबांच्या मातोश्री वारल्या, आणि भावजयीनें परसांतला जुईचा मांडव मोडोन तेथें गोठा बांधिला. माहेराचें म्हणावें ऐसें जगांत तें एक रोप राहिलें. उन्हाळाभर तें बरें होतें, कळ्याही आल्या. मग आषाढ लागला आणि झड बसली. कुंडी कांठोकांठ भरली, पानें पिवळीं पडलीं, शेंडे माना टाकोन बसले. आऊसाहेब रोज सकाळीं स्वतः येऊन पाहात आणि हळहळत, “पोर सुकली ग. तहान लागली असेल तीस,” आणि आपल्या हातें तांब्याभर पाणी घालीत. चिमाबाईसाहेब जवळ उभ्या असत. त्यांस ठाऊक होतें कीं मुळांस श्वास पाहिजे, आणि तुंबल्या पाण्यांत श्वास कैचा. परंतु सासूच्या हातांतला तांब्या कैसा धरावा? त्या म्हणत, “पुरे, आऊसाहेब.” आऊसाहेब म्हणत, “असूं दे ग, माहेरचें आहे.”

सरकारांनीं कारभारी येसोपंतांस विचारिलें. पंतांनीं जन्मांत रोप लाविलें नव्हतें, म्हणोन मसलत तात्काळ दिली कीं बुडीं वीतभर खडी भरावी, पाणी खडींत बसेल, मुळें वर कोरडीं राहतील. तैसें केलें. तों खडी भरून पाणी होतें तेथेंच राहिलें, आणि माती उथळ जाली, मुळें उलट चिखलांत लौकर बुडालीं. मग पंत बोलिले, “छत्र धरावें.” मग सरकारांचें छत्र जुईवर गेलें आणि सरकार सदरेवर भिजत बसले. सरकार म्हणाले, “पंत, वरून येणारें अडवितां. आंत तुंबलें त्याचें काय? तुमच्या डोक्यास तरी निचरा आहे काय?” पंत चिडोन बोलिले, “निचरा ठाऊक आहे, सरकार. एक भोक पाडिलें कीं काम जालें. आऊसाहेबांस सांगतें कोण? आपण सांगावें.” सरकारांनीं तोंडावरचें पाणी पुसलें. मग म्हणाले, “मडकें माझ्याच खांद्यावर होतें, पंत.” आणि ती मसलत तेथेंच बुडाली.

श्रावणांत एके सकाळीं चिमाबाईसाहेब जात्यावर बसल्या होत्या. बाहेर आऊसाहेब तांब्या घेऊन जुईकडे निघाल्या होत्या, तों ओवी कानीं आली:

माझ्या जुईबाईचे ग, पाय भिजले गारठले
आईला नको सांगूं, लेकीनें तुझ्या बुडविले.

आऊसाहेब जागच्या जागीं थांबल्या. आंत जाऊन म्हणाल्या, “सूनबाई, जुईस पाणी जास्त होतें का?” चिमाबाईसाहेबांनीं खुंटा सोडिला नाहीं, मान खालीं घातली. “तुला ठाऊक होतें?” “होय.” “मग बोललीस का नाहींस, वेडे?” “कुंडी गळतांना पाहोन तुम्ही उंबऱ्यापाशीं खालीं बसलां होतां ना,” एवढेंच बोलिल्या आणि पदर तोंडास लाविला.

मग आऊसाहेबांनीं खिळा आणि बत्ता मागविला. दासी पुढें आल्या त्यांस हातानें मागें सारिलें. कुंडी आडवी करविली, डोळे मिटिले नाहींत, बुडावर घाव घातला. भोक पडलें, काळी धार लागली आणि आंबूस घाण सुटली. आऊसाहेब ती धार संपेतों पाहात उभ्या राहिल्या. मग माती उकरिली, तों मुळें काळीं मऊ जालेलीं, धरितांच साल हातांत यावी. चिमाबाईसाहेबांनीं एक एक डाहाळी नखानें खरवडोन पाहिली, कोठें हिरवें मिळेना. आऊसाहेब बोलिल्या, “मीच पाजलें ग तिला, रोज.”

मग हुकूम जाहला कीं कुंडी करितां अंगठ्याएवढें भोक ठेवावें, त्यावर खापरी पालथी घालावी म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील, मातींत वाळू आणि पालापाचोळा मिसळावा, आणि कुंडी विटांवर उचलोन ठेवावी. गडावर पुन्हा शेवंती जाली, मिरची जाली. रयतेनें गांवोगांवच्या जुया आणोन दिल्या, त्याही फोफावल्या. पुढें आऊसाहेबांची दृष्टि मंद जाली. एके संध्याकाळीं त्यांनीं कळी हुंगोन विचारिलें, “वास तोच ना ग?” चिमाबाईसाहेब म्हणाल्या, “तोच, आऊसाहेब.” मग आऊसाहेबांनीं चांचपोन ती कळी सुनेच्या केसांत खोविली, आणि पुन्हा कधीं तें विचारिलें नाहीं, त्यावरून समजावें कीं उत्तर खोटें हें त्यांसही समजलें.

एवंच, गडावर कुंड्या बहुत, फुलें बहुत, पाणी जावयास वाट बहुत. जुई मात्र दुसरी.