खोलीत माणूस नाही, तर पंखा नाही

इंजिनाला पंखा बसवायचं काम मी एका दुपारी उरकीन असं म्हणालो होतो, आणि एका दुपारीच उरकलं! त्यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात अजून त्यावर एकमत झालेलं नाही.

गाडी माझी. म्हणजे मी बनवलेली. सांगाडा एका जुन्या जीपचा, इंजिन एका मेलेल्या व्हॅनचं, मागच्या दोन खुर्च्या एका बंद पडलेल्या थिएटरमधल्या, आणि बॉनेट म्हणजे ताईच्या कपाटाचं दार. कपाटाचं कुलूप अजून चालतं, त्यामुळे इंजिनाचं तेल बघायचं असलं की आधी ताईकडून किल्ली आणावी लागते. आई या गाडीला नुसतं 'ते' म्हणते. "ते अंगणातून कधी हलणार आहे?"

हलत होतं हो! दोन किलोमीटर हलायचं आणि मग उकळायचं. व्हॅनचा मूळ पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. तो जीपच्या नाकाडात मावेना म्हणून मी काढून टाकला होता. मला वाटलं, गाडी चालताना वारा लागतोच की! वाऱ्याला तसं वाटलं नाही.

शेवटी बाबांनी निकाल दिला.

"रविवारी सकाळी मावशीच्या घरापर्यंतचा चढ चढून दाखव. वर पोचली तर गाडी राहील. मध्ये उकळली, तर तिथल्या तिथे भंगारात."

"तिथल्या तिथे म्हणजे?"

"भंगारवाल्याला मागच्या खुर्चीवर बसवणार आहे मी. त्याला परत हेलपाटा नको."

तीन वर्षं! तीन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या मी त्या गाडीखाली उताणा पडून घालवल्या होत्या. मित्रांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, त्या मुलांना मी फक्त बुटांवरून ओळखायचो. आणि बाबा ते सगळं किलोवर मोजायला निघालेले!

मी तडक फ्यूजमामांच्या दुकानात गेलो. फ्यूजमामा म्हणजे आमच्या भागातले गाड्यांचे वायरमन.

"मामा, एक विजेवरचा पंखा द्या आणि एक टेंपरेचरचा स्विच."

हा स्विच म्हणजे पितळेचं एक बूच असतं. तो रेडिएटरमध्ये पिळून बसवायचा. पाणी ब्याण्णव अंशांवर गेलं की तो आपोआप पंखा चालू करतो, पंच्याऐंशीवर आलं की आपोआप बंद. माणसाने मध्ये तोंड घालायचं कामच नाही. मला तर तो आमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा समजूतदार वाटला.

"गाडी घेऊन ये, अर्ध्या तासात बसवून देतो," मामा म्हणाले.

"नको. मीच बसवणार."

"अरे, निदान पंख्याच्या वायरी तरी..."

"मामा, दोन वायरी आहेत. दोन! बारा असत्या तर विचारलं असतं."

स्वतःची दाढ स्वतः उपटायला निघालेल्या माणसाकडे दंतवैद्य कसा बघेल, तसं मामांनी माझ्याकडे बघितलं आणि सामान पिशवीत भरून दिलं.

दुपारी मी कामाला लागलो. पंखा रेडिएटरच्या मागे घट्ट बसवला. बूच पिळलं. पंख्याच्या दोन्ही वायरी काळ्या होत्या, जुळ्या भावांसारख्या. एक इथे जोडली, एक तिथे. इंजिन चालू केलं. काटा ब्याण्णववर आला आणि पंखा घर्रर्र करून फिरला! पंच्याऐंशीवर थांबला! पुन्हा ब्याण्णव, पुन्हा घर्रर्र! तासभर गाडी अंगणात उभी राहून गुरगुरली, पण उकळली नाही. मी इंजिन बंद केलं आणि चहा घ्यायला घरात गेलो. मागे पंखा फिरत होता. फिरणारच! इंजिन बंद झालं तरी पाणी गरम असतं.

इथे बाबांविषयी थोडं सांगायला हवं. बाबांचं आयुष्यात एकच तत्त्व आहे: खोलीत माणूस नाही, तर पंखा नाही. पाहुणा पाणी प्यायला उठला की त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद होतो. मी एकदा आंघोळ करताना गाणं म्हणायचा थांबलो, तर बाहेरून दिवा बंद झाला. "आवाज नव्हता, म्हटलं गेला असेल."

तर अंगणातून हाक आली.

"अरे! गाडीत कोण बसलंय?"

"कोणी नाही, बाबा."

"मग हा पंखा कुणासाठी चालू आहे?"

"इंजिनासाठी."

"इंजिन बंद आहे!"

"बंद आहे, पण गरम आहे."

"गरम तर मीही झालोय! मला घालतं का कोणी वारा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय! गाडीच्या डॅशबोर्डवर लाकडी पट्टीवर चार स्क्रूंनी ठोकलेलं, घरातल्या भिंतीवर असतं तसलं पांढरंशुभ्र बटण! बाबांनी पंख्याची वायर मध्येच तोडून त्यातून घेतली होती. खाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवलेली: 'काम झाल्यावर बंद करावे.'

माझं डोकं ब्याण्णवच्या पुढे गेलं.

"बाबा, तो स्विच आपोआप चालू होतो आणि आपोआप बंद होतो! तेवढ्यासाठीच तर आणलाय!"

"आपोआप चालू होणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आणि आपोआप बंद झालेली एकही गोष्ट या घरात मी अजून पाहिलेली नाही. तुझ्यासकट."

बरं, बटण उत्तम बसवलं होतं. म्हणून मी नमतं घेतलं. फक्त रविवारी त्याला हात लावणार नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. तोंडाने ते हो म्हणाले. बोटांशी माझं काही बोलणं झालं नव्हतं.

रविवार उजाडला. मी चालवायला, शेजारी बाबा, मागे आई आणि भंगारवाला. भंगारवाला मांडीवर वजनकाटा घेऊन बसला होता आणि अधूनमधून बोटाच्या पेराने गाडीला टकटक करत होता.

"पत्रा चांगला आहे," तो म्हणाला.

"हात लावू नका!"

"अरे, नीट बोल त्यांच्याशी," आई म्हणाली. "तासाभरात त्यांचीच व्हायची आहे ती."

माझ्या सख्ख्या आईचे शब्द!

चढ लागला. ब्याण्णव. घर्रर्र! पंखा चालू झाला. मी विजयी मुद्रेने बाबांकडे बघितलं. मग काट्याकडे बघितलं. पंच्याण्णव. सत्त्याण्णव. मी काचेवर बोट आपटलं. शंभर! पंखा फिरतोय, पंख्याचा आवाज येतोय, आणि काटा आपला वर चाललाय, सोन्याच्या भावासारखा! एकशे दोन. एकशे चार. रेडिएटरचं झाकण दाबून होतं म्हणून पाणी अजून उकळलं नव्हतं, इतकंच! माझ्या पाठीमागे भंगारवाल्याने वजनकाट्याची साखळी सोडवायला घेतली.

आणि तेवढ्यात आवाज आला. टक्.

"बाबा!!"

"काय?"

"पंखा बंद केलात?"

"मग! केव्हाचा चालू आहे. तुला लागतोय वारा? मला तर नाही. अगं, तुला लागतोय का?"

"छे बाई," आई म्हणाली.

"भंगारवाले, तुम्हाला?"

"मुळीच नाही, काका."

"चौघांपैकी एकालाही वारा नाही. मग फिरतोय कुणासाठी?"

"इंजिनासाठी! बाबा, गाडी मरेल! चालू करा ते! चालू करा!"

मी चालू करायला हात पुढे केला, तर बाबांनी बटणावर तळहात झाकला. गाडी थांबवावी, तर हँडब्रेक अजून बसवायचा होता. थांबलो असतो तर चौघेही उलटे घरी पोचलो असतो. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने बापाची बोटं सोडवतोय, आई मागून ओरडतेय, "समोर बघ, समोर!" समोर बघितलं. मग काट्याकडे बघितलं.

एकशे तीन. एकशे एक. अठ्ठ्याण्णव. नव्वद.

भंगारवाल्याने साखळी परत गुंडाळली. गाडी मावशीच्या फाटकात शिरली तेव्हा काटा अठ्ठ्याऐंशीवर होता, आणि बाबांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मोजायला काटाच नव्हता.

"भावोजी! अहो या, या!" करत मावशी बाहेर आली. बाबा गाडीतून उतरत होते की सिंहासनावरून, ते कळेना. "पंखा बंद केला आणि गार झाली!" ते मावशीला सांगत आत गेले. "मी आधीपासून म्हणत होतो, त्याची गरजच नाही!"

मी संतापाने इंजिन चालू ठेवून बटण दाबलं. फिर म्हटलं मेल्या, आता बघतोच तुला! उभ्या गाडीचं पाणी ब्याण्णववर आलं आणि घर्रर्र! भंगारवाला गाडीच्या नाकासमोर उभा होता. त्याची टोपी उडाली आणि मावशीच्या फुलांच्या ताटव्यात जाऊन पडली.

टोपी उचलून तो माझ्याजवळ आला. आयुष्यात हजारो रेडिएटर त्याने फोडले असतील. हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, पंखा हवा बाहेर फेकतोय. आत ओढायला पाहिजे. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा आत यायला बघतो आणि हा पंखा त्याला बाहेर ढकलतो. दोघांची दारात मारामारी. इंजिनाला कुणाचाच वारा नाही. वायरी उलट्या जोडल्यात कुणीतरी."

त्या 'कुणीतरी'चा मी कडक शब्दांत निषेध केला.

"काकांना सांगू नका," तो म्हणाला. "इतके खूश आहेत, राहू द्या तसंच." आणि वजनकाटा खांद्यावर टाकून चालत उतारावर निघून गेला. त्या दिवशी माझ्या बाजूने बोललेला तो एकटाच माणूस!

घरी आल्यावर मी गुपचूप वायरी बदलल्या. दोन मिनिटं लागली. मग बाबांना म्हणालो, "आता पंखा चालू ठेवायचा हं."

"का? बंद ठेवून चढली ना?"

"हो, पण आता..."

"आता काय? आता काय बदललं?"

खरं उत्तर माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं, आणि दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डखालून एक वेगळी वायर ओढून पंखा थेट गाडीच्या किल्लीवर जोडला. बाबांचं बटण आता कशालाच जोडलेलं नाही. गाडी सुरू झाली की ते टक् करून पंखा बंद करतात, इंजिनाच्या आवाजात पंखा मजेत फिरत राहतो, काटा नव्वदवर गुमान बसतो, आणि बाबा म्हणतात, "बघितलंस?"

मी म्हणतो, "बघितलं."

इथपर्यंत ठीक होतं. पण बाबांची कीर्ती गल्लीभर झाली! समोरच्या घरातल्या बँकवाल्या काकांनी नवी कोरी गाडी घेतली होती. बाबांनी त्यांना स्वतः बसून, इंजिनाच्या पंख्याची वायर काढून, पंखा बंद करून दिला. गाडी चौथ्या दिवशी सिग्नलवर उकळली, आणि तेव्हापासून ती गॅरेजमध्ये आहे.

म्हणून आता रोज सकाळी मी बँकवाल्या काकांना ऑफिसला सोडतो. शेजारी बाबा असतातच.

"आमचं नेमकं काय चुकलं असेल हो?" काका विचारतात.

"पंखा नीट बंद होता ना?"

"अगदी नीट! तुम्हीच तर केला होता!"

मग दोघंही काही सुचतंय का म्हणून माझ्याकडे बघतात. मी रस्त्याकडे बघतो. गाडी चालवताना समोर बघावं, असं आईनेच सांगितलंय.