घोरपड हवालदारास चोरांचे मुलुखातून सोडविले ते वर्तमान

श्री. वाचणारांनी क्षणभर चित्त द्यावे. पूर्वी राज्ये बुडाली ती दुफळीने, दुष्काळाने आणि दारूगोळा वेळेस न पोचल्याने बुडाली, ऐसे वडीलधारी सांगतात. परंतु तीन खोल्यांचे, दोन संगणकांचे आणि एका गळक्या नळाचे राज्य बोटाच्या टिचकीने बुडू लागले आणि पुन्हा उभे राहिले, ही हकिकत कोणी लिहून ठेविली नाही. सबब ती लिहितो. मजकुरात पदरचे तिखटमीठ पडले असेल, ते ज्याने त्याने चवीपुरते घ्यावे.

किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावरील मजल्यावर चित्रकथांचे कार्यालय होते, आणि तेथील राज्यकारभार वहिनीसाहेबांकडे होता. संपादक त्याच, मुद्रितशोधक त्याच, आणि वाचकांच्या शिव्यांस गोड जबाब धाडणारे मुतालिकही त्याच. त्यांचे धाकटे दीर चित्रकार, ज्यांस घरी आणि दफ्तरी भावोजी म्हणत, ते सेनापती. आणि सैन्य म्हणावे तर तेही तेच. पंचेचाळीस वर्षांचे, पाठीने किंचित वाकलेले, उजव्या मधल्या बोटास घट्टा पडलेला. त्यांनी आपले हातांनी घोरपड हवालदार नामे वीर निर्माण केला. हा वीर अंगाने स्थूल, चालीने मंद, बुद्धीने बेताचा. परंतु एकदा चोराचे भिंतीस चिकटला म्हणजे सोडविता सुटू नये. दर गुरुवारी सकाळी दहास त्याच्या पराक्रमाचा सोळा पानांचा अध्याय वेबसाइटवर निघे आणि सहाशे वर्गणीदार तो वाचीत.

ऐसे सुरळीत चालत असता फुकटगड नामे वेबसाइटवरील गनीम उठला. तो कोण, कोठला, कोणास ठाऊक नाही. गुरुवारी दहास अध्याय निघावा, आणि दहा वाजून वीस मिनिटांनी तो सोळाही पानांनिशी कैद होऊन फुकटगडावर दाखल व्हावा, आणि मग हजारांनी लोकांनी तेथे जाऊन घोरपड पाहावी, आणि वर्गणीदारांनी विचार करावा की आपणच काय ते शहाणे. सहाशेचे चारशे जाहले, चारशेचे अडीचशे. तशात एका बिस्किट कारखान्याचे पत्र भावोजींस आले की पुड्यांवर गव्हाच्या लोंब्या काढण्याची कायम चाकरी आहे, वर्षअखेरपर्यंत कळवावे. भावोजींनी ते पत्र सदऱ्याचे खिशात ठेविले आणि वहिनीसाहेबांस सांगितले नाही. लोंबीस डोळे नसतात, ती कोणाचा पाठलाग करीत नाही, एवढेच त्यांचे मनात घोळत राहिले.

वहिनीसाहेबांनी युद्ध पुकारिले. प्रथम फुकटगडास कडक शब्दांत तीन खलिते धाडिले. तिहींचा एकच जबाब आला की तुमचा मेल आम्हांस फार महत्त्वाचा आहे, आणि हा जबाब यंत्राने दिला आहे. मग दुसरी मोहीम, म्हणजे दरवाजांस कुलुपे. पासवर्ड नवा, त्यात अक्षरे, आकडे आणि एक चिन्ह असावे ऐसा हुकूम सुटला, आणि जाहले ऐसे की गनीम खिडकीने आत आणि घरचे धनी दाराबाहेर. वर्गणीदारांचे फोन घेता घेता वहिनीसाहेबांचा घसा बसला. मग तिसरी मोहीम: प्रत्येक पानावर कार्यालयाची मोहर आडवी उमटवावी. गनिमाने ती घटकेत पुसून काढिली. सबब चोरीची प्रत आरशासारखी स्वच्छ, आणि रास्त मार्गाने घेतलेल्या प्रतीत हवालदाराचे नाकावर शिक्का, ऐसा उफराटा न्याय जाहला. तीन मोहिमांत शत्रूचा केसही वाकडा जाहला नाही आणि आपलेच लोक जायबंदी जाहले.

मोहर पुसली गेली त्याच गुरुवारी दुपारी वहिनीसाहेब आणि भावोजी जेवावयास घरी आली तो मातुश्री, म्हणजे वहिनीसाहेबांच्या सासूबाई, ताटावर बसून मोबाइल पाहत होत्या आणि खुदकन हसत होत्या. वहिनीसाहेबांनी वाकून पाहिले आणि त्यांचे हातातील वाटी हातातच राहिली. पडद्यावर घोरपड हवालदार, आणि वर फुकटगडाचे निशाण.

"आई, हे कुठून वाचताय?"

"इथूनच. दर गुरुवारी वाचते."

"अहो, हे चोरांचं आहे."

"चोरांचं कसं? चित्र तर आपल्या धाकट्याचं आहे."

भावोजींनी घास खाली ठेविला. घरभेद्यांमुळे गड पडल्याचे दाखले जुन्या दफ्तरांत पुष्कळ आहेत; परंतु घरभेदी इतक्या निष्पाप मुद्रेने चटणी मागून घेत आहे, हा दाखला नवा.

"मग आपल्याकडे का नाही वाचत?" वहिनीसाहेबांनी विचारिले.

"तुमच्याकडे आधी पासवर्ड. मग मोबाइलवर आकडे येतात. ते बघायला गेलं की पान पळून जातं. परत यावं तर विचारतं, तुम्ही माणूस आहात का ते सिद्ध करा, या चित्रातले सिग्नल ओळखा. बहात्तर वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. आणि हे बघ, तिकडे बोट लावलं की उघडतं."

"फुकट दिलं तर आम्ही खायचं काय, आई?"

"टीव्हीवाले काय खातात? मध्ये जाहिरात घाला. जाहिरात लागली की मी चहा ठेवते, कोणी तक्रार करत नाही."

वहिनीसाहेब हात धुवून तडक दफ्तरी गेल्या आणि फर्मान लिहिले, ते ऐसे की, लोक जात्या चोर नाहीत, आपण दार लाविले म्हणून ते खिडकीस गेले; तरी येत्या गुरुवारपासून सारी कुलुपे काढावी, अध्याय सर्वांस मोफत वाचू द्यावा, मधे दोन जाहिराती असाव्या, आणि ज्यांस जाहिरात नको त्यांनी वर्गणीदार राहावे.

फर्मान वाचून भावोजी तांबडे जाहले.

"वहिनी, माझ्या हवालदाराच्या पाठीवर लोक काय काय विकतील."

"सध्या त्याच्या पाठीवर जुगार विकतायत, भावोजी. जरा तिकडे उघडून तरी बघा."

त्यांनी अभिमानाने आजवर फुकटगड पाहिला नव्हता. आता पाहिला. हवालदाराचे दोही बाजूंस पत्त्यांचे डाव नाचत होते, आणि खाली एक बाई लखपती होण्याचा मार्ग दाखवीत होती. भावोजींनी पडदा मिटविला आणि उगेच पेन्सिलीस टोक काढीत बसले. टोक आधीच होते.

आता जाहिरातदार पाहिजे. सात जणांनी नकार दिला, आणि आठवे गादीवाले कबूल जाहले. (गादी म्हणजे येथे सिंहासन नव्हे, कापसाची, सहा फूट बाय चार.) तहनामा जाहला आणि गुरुवारी दहास दरवाजे उघडिले. वाचक लोटले, गणती चार हजारांवर गेली आणि वहिनीसाहेबांनी खुर्चीत प्रथमच पाठ टेकविली. तो अनर्थ ओढवला. गादीवाल्याने धाडिलेली जाहिरात लुकलुकणारी होती. हवालदार छपरास उलटा लोंबकळत चोराची मान धरणार, नेमक्या त्या चित्रावर ती येऊन बसे आणि "झोपा, झोपा, झोपा" ऐसे म्हणे. वाचकांनी हाय खाल्ली. सायंकाळपर्यंत निम्मे लोक फुकटगडास परतले, आणि त्यांत मातुश्री होत्या.

"मी चहा ठेवून आले तरी ती गादी तिथेच," ऐसी त्यांची कैफियत.

तेव्हां भावोजी खासे मोहिमेवर निघाले. जाऊन गादीवाल्यास म्हणाले, "तुमची जाहिरात मी काढतो. ती गोष्टीच्या मध्येच येईल, पण चित्रावर बसणार नाही."

गादीवाले म्हणाले, "काढा की. मऊ दिसली म्हणजे झालं. पण आधी झोपून बघा, नाहीतर कळायचं नाही."

भावोजी दर्शनी काचेमागील गादीवर अभ्यासापुरते आडवे जाहले. चार वर्षांच्या चिंतेने शिणलेला देह. त्यांस तत्क्षणी निद्रा लागली, आणि भर दुपारी दोन तास ते बाजारपेठेसमोर घोरत राहिले. बाहेर लोक जमले. गादीवाल्याने उठविले नाही, कारण तेवढ्यात तीन गाद्या गेल्या होत्या.

जागे होताच भावोजींस मनसुबा सुचला. त्यांनी जाहिरातीतच दुसरी गोष्ट मांडिली. हवालदार चोरीची गादी जप्त करितो आणि पहाऱ्यास बसतो आणि तीवरच झोपी जातो. मग चोर हळूच येतो, परंतु गादी ओढावी तर हवालदार जागा होईल, सबब बिचारा त्यावर पांघरूण घालून तेथेच बसून राहतो. पुढील गुरुवारी चोरासही डुलकी येते. त्यापुढील गुरुवारी दोघे एकाच गादीवर, आणि तिसरा चोर पांघरुणाचे टोक ओढीत आहे. गादीचे नाव कोपऱ्यात, लहान अक्षरांत. लोक अध्याय सोडून आधी जाहिरात शोधू लागले.

इकडे फुकटगडावर गनिमाची यंत्रे सवयीप्रमाणे जाहिराती कापून उरलेली पाने लावीत होती. तेथील रयतेत गलबला उठला. गादी कोठे आहे? चोर उठला की नाही? आमची जाहिरात कोणी चोरली? चोराकडून चोरीचा माल अपुरा आल्याची ऐसी तक्रार पूर्वी कोठे जाहल्याचे ऐकिवात नाही. गनिमाने लाचार होऊन जाहिराती हाताने चिकटविल्या. परंतु त्यास एक दिवस उशीर लागे, आणि गादीवाल्याचे नाव फुकटगडावर फुकट झळके. गादीवाले हे ऐकून इतके हसले की त्यांनी वर्षाचा तहनामा जागीच करून दिला. मग छत्र्यावाले आले, चष्मेवाले आले, आणि भावोजींनी सर्वांस बजाविले की लुकलुकणारे काही आणाल तर जिन्यावरूनच परत जाल.

दरवाजे उघडिल्यापासून अकराव्या गुरुवारी फुकटगडाने निशाण उतरविले. तेथे दोन ओळी मात्र राहिल्या: "घोरपड हवालदार इथे मिळणार नाही. मूळ ठिकाणी फुकट आहे आणि लवकर येतो."

वहिनीसाहेबांनी त्या दोनदा वाचल्या आणि मान वर न करिता विचारिले, "बिस्किटवाल्यांना काय कळवलंत?"

भावोजींचा हात खिशाकडे गेला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते पत्र शर्टाबरोबर धुवायला आलं होतं. वाळवून परत खिशात ठेवलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं पत्र होतं."

भावोजींनी त्याच दिवशी कारखान्यास नकार कळविला.

दुसरे दिवशी एका परमुलुखातील रुग्णालयातील परिचारिकेचे पत्र आले. लिहिले होते: "चार वर्षं चोरून वाचत होते. चोरीचं आहे हे माहीत होतं, खोटं कशाला बोलू. ड्यूटी संपली की कपडे बदलायच्या खोलीत बसून वाचायचे आणि मग घरी जायचे. त्या साइटवर पानाची खालची पट्टी कापलेली असायची. या महिन्यात तुमच्याकडे वाचलं तेव्हा खाली नाव दिसलं. मला इतकी वर्षं वाटायचं, हे कुठलं तरी मशीन काढत असेल. तुम्ही काढता होय?"

भावोजींनी पत्र उभ्याने वाचिले, मग बसून वाचिले, मग चष्मा पुसावयाचे निमित्ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली किल्लीवाला कानस चालवीत होता.

येणेप्रमाणे एक तोफ न उडविता, सारी कुलुपे काढून आणि दोन जाहिराती लावून चोरांचा मुलूख रिकामा केला, हवालदार स्वस्थानी आणिला, आणि हा विजय दफ्तरी नोंदविला, त्यास वहिनीसाहेबांची सही व मातुश्रींची साक्ष आहे. पुढील अध्यायाचे शेवटचे पान भावोजींनी गुरुवारी सकाळी पुरे केले आणि खाली आपले नाव लिहिले. ते नेहमीपेक्षा अंमळ मोठे आले. वहिनीसाहेबांनी मुद्रितशोधक या नात्याने ते पाहिले, लाल पेन उचलिले, आणि टोपण लावून खाली ठेविले.