धने रगडलेले, धने अख्खे

जयवंतरावांच्या आरुषीला मुलगी झाली, त्या वर्षीची गोष्ट. परदेशातल्या पुकेकोहे गावाचं छोटं रेडिओ स्टेशन पूर्वी कांद्याचे भाव आणि दंवाचा इशारा तेवढा सांगायचं. पुढे तिथे दिवसभर बातम्या आणि लोकांचे फोन सुरू झाले. शनिवारी सकाळचा एक तास मराठीला मिळाला आणि त्यातली दहा मिनिटं जयवंतरावांच्या परसबागेला.

दर शनिवारी ते सांगत, "कोथिंबीर लावायची तर धने जँडलखाली, म्हणजे चपलेखाली, रगडून पेरा." आणि दर शनिवारी गल्लीतल्या धैर्यशीलचा फोन येई, "साफ चूक! धने अख्खेच पेरावेत." निम्मे लोक या भांडणासाठीच रेडिओ लावत. धैर्यशीलनं एकदा तरी हार मानावी, एवढीच जयवंतरावांची इच्छा उरली होती.

त्या शनिवारी नात बघायच्या घाईत ते स्टेशनला कळवायचं विसरले आणि मुलाबरोबर, अनुपबरोबर, गाडीनं पुलापलीकडच्या अल्बनीला लेकीकडे निघाले. कार्यक्रमाच्या तोंडावर निवेदिका स्नेहलताचा घरी फोन आला.

"काकू, काका कुठेत?"

"अगं, हे गेले!" द्रौपदीबाई म्हणाल्या.

"काय? कधी?"

"पहाटेच. चहा घेतला आणि गेले. काही त्रास नाही दिला."

"अनुप आहे ना जवळ?"

"त्यानंच तर नेलं. मलाही जायचंय गं, पण गुडघे! बघू, पुढच्या आठवड्यात जाईन."

स्नेहलतानं फोन ठेवला. एरवी द्रौपदीबाई 'जाऊन येतो म्हणाले' असं म्हणत. नेमक्या त्या दिवशी 'येतो' राहून गेलं.

गाडी हार्बर ब्रिजवर असताना अनुपनं फोनवर स्टेशन लावलं. "आपले जयवंतकाका आज पहाटे शांतपणे गेले," स्नेहलता रडत सांगत होती. "पहिला फोन धैर्यशीलकाकांचा."

"बाबा, थांबा, मी कळवतो त्यांना!"

"हात लावू नकोस! बोलू दे त्याला."

"जयवंता," धैर्यशील म्हणाला, "धन्याचं तुझंच खरं होतं रे. गेली पाच वर्षं मीही रगडूनच पेरतोय."

जयवंतरावांनी डोळे पुसले. "आता लाव फोन."

पण आधी घरूनच फोन आला. "अहो, दारात पांढऱ्या कपड्यांत माणसं उभी आहेत! शेजाऱ्यांकडून जेवणाच्या तीन लझान्या आल्या. कोण गेलंय?"

"मीच गेलोय म्हणे. त्यांना चहा दे."

मग स्टेशनला फोन लागला. "मी जयवंत, अल्बनीच्या वाटेवरून बोलतोय. धैर्यशील, ऐकलं बरं का मी!"



"जिवंत आहेस?" धैर्यशील ओरडला. "मग शब्द मागे! अख्खेच पेरावेत!"

पुढची सगळी वर्षं भांडण तसंच चाललं. कोथिंबीर मात्र दोघांकडेही छान यायची.

मागच्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी जयवंतराव माइकसमोर बसले आणि म्हणाले, "अख्खे पेरले तरी उगवतात." मग बराच वेळ थांबले. स्नेहलतानंही गाणं लावलं नाही. फोन काही आला नाही.

धैर्यशील त्या शनिवारच्या आधीच, बुधवारी दुपारी, पुकेकोहेच्या राहत्या घरी वारला होता.