दह्याचं रीडिंग

गाड्या पळवायला निघालेला माणूस मागच्या सीटवर दह्याचं पातेलं ठेवतो, हे तुम्ही कुठे पाहिलंय? मी पाहिलंय! सिल्वासाच्या सरकारी क्वार्टर्समध्ये खांबेटे माझे शेजारी होते. मूळचे चिपळूणचे, बांधकाम खात्यात ओव्हरसियर.

नव्वदच्या सुमारास राखोलीकडे कारखान्यांसाठी नवा सरळसोट रस्ता झाला. रविवारी सकाळी तिथे चिटपाखरू नसायचं. चार-पाच गाडीवाले जमायचे आणि कोणाची गाडी किती पळते ते मोजायचे. मी शाळेत पीटी शिकवायचो, म्हणून स्टॉपवॉच माझ्या गळ्यात. काय धमाल यायची म्हणून सांगू! पटेलभाईंची मारुती सुसाट सुटायची आणि ते खिडकीतूनच ओरडायचे, "मास्तर, केटली सेकंड थई?"

खांबेट्यांची जुनी फियाट सगळ्यांत शेवटी. मी वेळ सांगायला जावं, तर हे महाशय पातेल्यावर वाकलेले. दही किती मोडलं, पाणी किती सुटलं, ते चमच्याने मोजतायत!

"बरी आली की आज गाडी," मी म्हणायचो.

"बरी म्हणजे किती चमचे? आकड्यात बोला, मास्तर!"

मग मागच्या चाकातली हवा कमी कर, सीटखाली गोधडी घाल, असं आठवडाभर चालायचं. मोजून झालेलं दही आम्हीच साखर घालून फस्त करायचो.

पटेलभाई त्यांना तोंडावर 'छाशवाला', म्हणजे ताकवाला, म्हणायचे. खांबेटे चिडायचे नाहीत. हे खूळ कशासाठी ते शेजारी म्हणून मला ठाऊक होतं. बसच्या धक्क्याने त्यांच्या बायकोचा, सुमतीवहिनींचा, मणका सरकला होता. ऑपरेशन झालं आणि वर्षभर त्या खिडकीशी पडून होत्या. आता डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली होती, पण धक्का बसता कामा नये. वहिनींना राखोलीला जाऊन दमणगंगा बघायची होती. आणि खांबेट्यांचा हट्ट असा की, दही अख्खं पोचल्याशिवाय हिला गाडीत बसवायचं नाही.

एका रविवारी फियाट थांबली आणि आतून आरोळी आली, "मास्तर! धावा, धावा!" मी धावलो. पातेल्यात थेंबभर पाणी नव्हतं, दह्याला साधी चीर नव्हती! खांबेटे भर रस्त्यात नाचले. पटेलभाईंना त्यांनी अशी मिठी मारली की ते बिचारे घाबरलेच.

पुढच्या रविवारी पातेल्याच्या जागी वहिनी. मी पुढे बसलो, सवयीने स्टॉपवॉच गळ्यात. फियाट बैलगाडीच्या चालीने निघाली.

"दुखतंय?"

"नाही हो."

"नाही म्हणजे किती नाही?"

तेवढ्यात पटेलभाईंची मारुती हॉर्न वाजवत भुर्रकन पुढे गेली. मागून वहिनींचा आवाज आला, "अहो, तो गेला की पुढे! बघताय काय, घ्या ना जोरात!"

खांबेट्यांनी आरशात पाहिलं. वहिनी खळखळून हसत होत्या. वर्षभरात ते हसू आमच्या भिंतीपलीकडून एकदाही ऐकू आलं नव्हतं. मी घाईने स्टॉपवॉचला हात घातला.

"राहू द्या, मास्तर," डोळे पुसत खांबेटे म्हणाले. "आज काही मोजू नका." आणि त्यांनी गाडी पिटाळली.