बॉयलर खात्याचं दुःख

पाळी सुटली की सगळे फाटकाकडे धावतात. आमचे शिवलिंगअप्पा मात्र त्याच फाटकात आडवे उभे राहून एकेकाला विचारायचे, "आज कामावर जीव रमला का?"

अप्पा आमच्या साखर कारखान्यातले कामगार अधिकारी, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. पन्नाशीनंतर पोस्टानं शिकून त्यांनी मानसशास्त्राची पदवी मिळवली. तेव्हापासून कारखान्यात त्यांना साखर दिसेनाशी झाली, नुसती मनं दिसू लागली. फिटरनं पाना आपटला की हे म्हणणार, "घरचा राग हाय ह्यो." माझी साधी जांभईसुद्धा त्यांनी कधी साधी राहू दिली नाही.

जीव रमला म्हणणारा सुटायचा. "न्हाय" म्हणणाऱ्याला अप्पा केबिनमध्ये नेऊन आल्याचा चहा पाजायचे, वर खारी. ही बातमी बॉयलरवाल्यांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? अख्खं खातं एकदम दुःखात बुडालं. दिवसभर खिदळणारा वाशीचा महबूब फाटकाजवळ आला की खांदे पाडायचा. "लई उदास वाटायलंय, अप्पा."

बॉयलरच्या धगीनं माणसाचं मन खचतं, असा निष्कर्ष अप्पांनी काढला आणि मोठ्या साहेबांना ऐकवला. साहेब स्वतः बघायला आले, तर महबूब डबा बडवत गात होता आणि बाकीचे ताल धरून होते. साहेबांनी अप्पांचा हा मनांचा अभ्यासही बंद केला आणि त्यासाठी केबिनमध्ये येणारा कँटीनचा चहाही.

मला हसू आवरेना. "अप्पा, फसवलं की हो तुम्हाला त्यांनी!"

"ठाऊक हाय मला," अप्पा म्हणाले. "खोटं बोलत आला तरी अर्धा कप होईस्तोवर माणूस खरं बोलायला लागतो. आता कुणी कशाला येईल?" मग म्हणाले, "धाराशिवला घरी जातो रोज. पण ही गेल्यापासून तिथं माझ्याशी कुणी खोटं बी बोलत न्हाय."

माझं हसणं तिथंच थांबलं. फार वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली, पण अप्पा केबिनमधून उठलेच नाहीत. तेवढ्यात दार ढकलून महबूब आत आला. हातात किटली, मागं सगळं बॉयलर खातं.

"आज जीव लई रमला, अप्पा," त्यानं सांगून टाकलं.

"मग हिकडं कशाला आलास?"

"पाळी सुटली की हितं बसायची सवय लागली आमाला. ती कशी मोडायची, तुमच्या शास्त्रात असंल तर सांगा."

अप्पांनी सगळं शास्त्र आठवून पाहिलं आणि ते खुर्च्या ओढायला लागले.